कान शाबूत असलेल्यांचं शुद्धलेखन

मराठीच्या शुद्धतेची सर्वांत जास्त काळजी ज्यांना ती व्यवस्थित ऐकू येते त्यांनाच असते, असं अलीकडे माझ्या लक्षात येऊ लागलं आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये यंत्राने आपोआप लिहिलेली सबटायटल येणार, ही बातमी जानेवारी २०२५ मध्ये आली आणि तेव्हापासून आमच्या कात्रजमध्ये ही काळजी वाढतेच आहे. नानासाहेब पेशवे तलावाच्या कडेने सकाळी फिरणारे, सोसायटीच्या ग्रुपवर रात्री जागणारे, फिल्म क्लबात पहिली रांग धरणारे, सगळ्यांचं एकमत. पुण्यात एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत झालं की समजावं, कोणाला तरी विचारायचं राहून गेलं आहे.

मत असं: यंत्राला मराठी येत नाही. ते ‘ळ’चा ‘ल’ करतं, नाट्यपदाची दशा करतं, मालवणी माणसाच्या तोंडी हिंदी घालतं. असल्या ओळी पडद्यावर उमटणं हा भाषेचा अपमान. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेचा तर दुप्पट अपमान. मुळात मराठी माणसाला मराठी सिनेमा बघायला मराठी सबटायटल हवीतच कशाला? एक साधा, सरळ, फुकट प्लेअर उरला होता, त्यातही एआय कोंबलं. उद्या माणसांची कामं जातील. आणि कोणाला खरोखरच गरज असेल, तर ते काम सरकारने किंवा निर्मात्यांनी नीट, जाणकारांकडून करून घ्यावं. अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

हे सगळं मी मुद्दाम त्यांच्याच आवेशात मांडलं आहे. हे मत असणारे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत, वाचणारे आहेत, आणि त्यांच्यातल्या एकानेही हा प्रकार स्वतः वापरून पाहिलेला नाही.

तेव्हा मुळात झालंय काय ते आधी पाहू. व्हीएलसी हा पॅरिसच्या एकोल सेंट्रल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला उद्योग. २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. नारिंगी शंकू हे त्याचं चिन्ह आलं ते त्या पोरांनी रस्त्यावरचे शंकू आणून कॉलेजात जमवले होते त्यावरून. (कात्रज चौकात उड्डाणपुलाच्या नावाखाली असे शंकू इतकी वर्षं मांडून ठेवलेले आहेत, की एव्हाना आपल्याकडेही एखादं सॉफ्टवेअर निघायला हरकत नव्हती.) लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात या संस्थेने सहा अब्ज डाउनलोडचा टप्पा सांगितला आणि त्यासोबत व्हिडिओ चालू असतानाच त्याची सबटायटल तयार होताना दाखवली. नेट नाही, कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही. बघणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर.

यात जादू नाही. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल खुलं केलं. गेओर्गी गेरगानोव्ह या प्रोग्रॅमरने ते नव्याने लिहून साध्या लॅपटॉपवर चालेल असं केलं. आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं ध्वनिचित्र काढायचं आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत जायचं, एवढंच ते करतं. सर्वांत लहान मॉडेल ७५ एमबीच्या आसपास, सर्वांत मोठं तीन जीबीच्या. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत ते थेट बसवलेलं मिळालं. सबटायटल एडिट, केडेनलाइव्ह अशा खुल्या सॉफ्टवेअरांत ते आधीपासून वापरता येतंच. म्हणजे ज्यावरून हा गदारोळ चाललाय ती गोष्ट व्हीएलसीवाल्यांच्या लहरीने आलेली नाही. ती येऊन बसलेली आहे, आणि प्रश्न एवढाच आहे की तिच्याकडे बघून नाक मुरडायचं की तिला मराठी शिकवायची.

आता ‘मराठी माणसाला मराठी सबटायटल कशाला’ या प्रश्नाकडे येते. हा प्रश्न विचारताना माणूस डोळ्यांसमोर स्वतःला ठेवतो. वय चाळीस-पन्नास, दोन्ही कान ठणठणीत, बंद खिडकीची खोली, प्रमाण मराठी घरचीच. या माणसाला सबटायटल नकोत हे मला मान्य आहे. त्याला दारात रॅम्पही नको असतो आणि जिन्याला कठडाही.

माझे सासरे, आप्पा, आयुष्यभर ट्रक चालवत आले. कात्रजचा जुना घाट आणि खंबाटकी त्यांनी किती वेळा ओलांडला याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. इंजिनाशेजारी बसून आधी एक कान गेला, मग दुसऱ्याने त्याला सोबत केली. कानातलं यंत्र आहे, पण ते माणसाचं बोलणं आणि मिक्सरचा आवाज सारख्याच भक्तिभावाने मोठा करतं. आमचं घर कात्रज–कोंढवा रस्त्यालगत. अवजड गाडी खालून गेली की खिडकीच्या काचा बोलतात आणि पडद्यावरचे लोक मुके होतात. आप्पांना जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग बघायचा नाद. एका पेनड्राइव्हवर भरून दिलेली, कुठल्या तरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, आवाज घोगरा, मधूनच खरखर. या नाटकांची सबटायटल कोण लिहिणार होतं? कोणी निर्माता हयात नाही, कोणी वाहिनी त्यांना विचारत नाही, कुठल्या ओटीटीला ती नको आहेत. मी ती यंत्राकडून लिहवून घेतली. भरपूर चुकली. एका गंभीर प्रवेशात नायकाच्या तोंडी असं काही आलं, की आप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “पुढं जाऊ दे.” पुढचे दोन अंक त्यांनी एकदाही ‘काय म्हणाला गं?’ असं विचारलं नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली. वयाने ज्यांना कमी ऐकू येऊ लागतं आणि जे ‘मला काही झालेलं नाही, तुम्हीच पुटपुटता’ असं म्हणतात, त्यांची नोंद कुठल्या जनगणनेत होत असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक मराठी घरात असा एकजण असतो. टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून त्याच्याशी भांडण होतं, आणि मग तो हळूच टीव्हीसमोरून उठून गॅलरीत जाऊन बसतो. शुद्धतेच्या बैठकीत त्याला कोणी बोलावलेलं नसतं.

आणि फक्त तोच कशाला? आमच्या मागच्या वस्तीत गुलबर्ग्याकडून बांधकामावर आलेली कुटुंबं आहेत. पोरं शाळेत मराठी शिकतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची झाली. शिकतात म्हणजे पुस्तकातली शिकतात. बोलली जाणारी मराठी त्यांच्या कानावर पडते ती झपाट्याने, तुटक, शिवीगाळीसकट. ऐकू येणारा शब्द त्याच क्षणी लिहिलेला दिसला तर वाचन सुधारतं, हा विचार ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून मांडला आणि पुढे दूरदर्शनवरच्या हिंदी गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी आल्या त्या त्यातूनच. गाण्याखाली ओळ दिसली म्हणून हिंदीचा अपमान झाल्याचं मी ऐकलं नाही. न्यू जर्सीतल्या नातवाचंही तेच. आजीची मराठी त्याला कळते, कारण आजी त्याच्यासाठी सावकाश बोलते. नाटकातलं पात्र त्याच्यासाठी सावकाश बोलणार नाही.

एक गंमत सांगते. याच शुद्धतावाद्यांना झाडीपट्टीतलं नाटक किंवा अहिराणीतला व्हिडिओ दाखवला, की पाचव्या मिनिटाला शेजारच्याच्या कानाशी कुजबुज सुरू होते. म्हणजे सबटायटल हवीच असतात. फक्त ती शेजाऱ्याने तोंडी पुरवायची असतात.

बरं, चुका. यंत्र चुकतं, आणि ते कसं चुकतं हे टीकाकारांपेक्षा मी जास्त तपशिलात सांगू शकते, कारण मी ते पाहिलेलं आहे. भाषा ओळखायचं काम त्याच्यावर सोडलं तर अनेकदा ते मराठीला हिंदी समजून मोकळं होतं. ‘ण’ आणि ‘न’ यांत त्याला रस नाही. गाणं आलं की बावचळतं. सर्वांत वाईट म्हणजे शांतता त्याला सोसत नाही: कोणी बोलत नसतानाही ते काहीतरी रचून लिहितं, ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ छापाचं, कारण ज्या व्हिडिओंवर ते शिकलं त्यांच्या शेवटी तेच लिहिलेलं होतं. २०२४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी तपासलं तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत न बोललेली वाक्यं सापडली. हा आकडा टीकाकार हातात धरून फिरतात. डॉक्टरच्या नोंदीत किंवा कोर्टाच्या जबानीत असं एक वाक्यही घुसता कामा नये, यात वाद कुठे आहे? पण व्हीएलसीतल्या ओळींवरून कोण पंचनामा करणार आहे? समोर चित्र आहे, नटाचा चेहरा आहे, प्रसंग आहे. रिकाम्या अंगणात ‘धन्यवाद’ उमटलं तर ते कोणी बोललं नाही हे समजायला पीएचडी लागत नाही.

यावर एक चलाख प्रतिप्रश्न येतो, आणि या सगळ्या वादात तोच काय तो ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात: ज्याला ऐकू येतं त्याला चूक कळते, ज्याला ऐकू येत नाही त्याला कशी कळणार? त्याला तर तुम्ही खोटं वाचायला देताय. प्रश्न रास्त वाटतो खरा. पण यात गृहीत काय धरलंय ते बघा. की ऐकू न येणारा माणूस आतापर्यंत अचूक जगात राहत होता आणि यंत्राने येऊन ते बिघडवलं! आप्पा रोज ओठांवरून, हातवाऱ्यांवरून, अर्ध्या शब्दांवरून जग जुळवत असतात. अंदाज बांधणं आणि अंदाज चुकला की सावरून घेणं यात त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. दहांतले सात-आठ शब्द बरोबर देणारी ओळ त्यांना फसवत नाही; तिच्याशी कसं वागायचं ते त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तेव्हा या ओळी नकोत असं कोणी ठरवायचंच असेल, तर ते त्यांनी ठरवावं. त्यांच्या वतीने, त्यांच्या भल्यासाठी, त्यांना न विचारता ठरवण्याची ही जी सवय आहे, तिचा मला यंत्राच्या ‘ळ’पेक्षा जास्त त्रास होतो. हां, एक मागणी मी करीन: ओळ यंत्राने लिहिलेली असेल तर तसं पडद्यावर दिसलं पाहिजे. ही मागणी टीकाकारांनी केली असती तर मी त्यांच्या मागे उभी राहिले असते. त्यांनी ती केली नाही. त्यांनी बंद करा म्हटलं.

आणि आता या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत झोंबणारा भाग. यंत्राला मराठी का येत नाही?

व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकलं. त्यात इंग्रजी वगळता इतर ९६ भाषांतलं, त्याच भाषेत लिहून काढलेलं बोलणं होतं १ लाख १७ हजार तास. यात मराठीचा वाटा किती? एक तासही नाही. नऊ कोटींच्या आसपास लोकांची भाषा, आणि तिच्या वाट्याला एका कीर्तनाच्या पूर्वरंगाइतकाही वेळ आला नाही. पण त्याच आकडेवारीत दुसरा एक रकाना आहे: मराठी बोलणं आणि त्याच्या शेजारी इंग्रजी भाषांतर. त्यात मराठीचे दोनशेहून अधिक तास आहेत! वाचताना हसावं की रडावं कळेना. हे यंत्र वेबवर माणसांनी ठेवलेल्या लिखाणावर शिकलं. आपण आपलं बोलणं दुसऱ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत लिहून ठेवलं, आपल्याच माणसांना कळावं म्हणून मराठीत लिहून ठेवलं नाही. ‘मराठी माणसाला मराठी सबटायटल कशाला’ हे वाक्य तिथे आकड्यांत नोंदलं गेलं आहे.

म्हणजे ज्या मताने मराठी सबटायटल लिहूच दिली नाहीत, त्याच मताचे लोक आता यंत्राची परीक्षा घ्यायला बसले आहेत. ज्या विद्यार्थ्याला पुस्तकच दिलं नाही, त्याला नापास करण्यात कसलं आलंय शौर्य?

तरीही काही लोकांनी पुस्तकं दिली, हे सांगायला हवं, कारण अपमानाच्या गदारोळात त्यांची नावं कधी निघत नाहीत. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत या गटाने आकाशवाणीची बातमीपत्रं आणि त्यांच्या लिखित प्रती एकमेकींशी जुळवून १२ भारतीय भाषांचा ६,४०० तासांहून मोठा संग्रह केला, ‘श्रुतिलिपी’ नावाने. त्यात मराठी आहे. पुणे केंद्रावरच्या सात दहाच्या बातम्या दाढी करता करता ऐकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना मी सांगते की तसल्याच बातम्यांनी यंत्राला सरळ, स्वच्छ मराठी शिकवायला घेतलं आहे. २०२३ मध्ये याच गटाने व्हिस्परला १२ भारतीय भाषांच्या १०,७०० तासांवर पुन्हा शिकवलं आणि ‘इंडिकव्हिस्पर’ खुलं केलं. ५९ चाचण्यांपैकी ३९ मध्ये ते सर्वांत कमी चुकलं. बातम्यांची मराठी आणि वगाची मराठी यांत अंतर आहे, ते अजून राहणार. पण हे अंतर तक्रारींनी कमी होत नाही.

इतकं लांब मद्रासला तरी कशाला जायचं? कात्रज चौकातून भारती विद्यापीठाच्या बाजूला वळलं की धनकवडीत पीआयसीटी, पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, लागतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी एलथ्रीक्यूब या पुण्याच्याच गटाबरोबर मराठीवर जे काम केलंय ते आमच्या तलावावरच्या भाषाप्रेमींपैकी कितीजणांना ठाऊक आहे? २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट माणसांनी वाचून त्यांतला भाव कोणता ते नोंदवलं: सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ. २०२२ मध्ये एलथ्रीक्यूबने २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह ‘महाकॉर्पस’ म्हणून सर्वांसाठी ठेवला. हे काम लिखित मराठीचं आहे, बोललेल्या नव्हे. पण त्यामागचा स्वभाव पाहा. वीस-बावीस वर्षांची पोरं परीक्षा, सबमिशन आणि मेसचं जेवण सांभाळून यंत्रासाठी मराठीची पुस्तकं तयार करत होती, आणि त्यांच्यापासून दोन किलोमीटरवर भाषेच्या अपमानावर चर्चा चालू होती. ज्याला खरोखर वाईट वाटतं त्याच्यासाठी मोझिलाचं कॉमन व्हॉइसही आहे. तिथे मराठी आहे. माइकसमोर वाक्यं वाचायची, इतरांनी वाचलेली तपासायची. फुकट. ज्यांचा ‘ळ’ शुद्ध आहे त्यांनी तो तिथे दान करावा.

‘साध्या प्लेअरमध्ये एआय कोंबलं’ हा आक्षेप मी थोडक्यात उरकते, कारण तो आळसातून आलेला आहे. फोनमध्ये, टाइप करताना, फोटो काढताना, बँकेशी बोलताना कंपन्या एआय कोंबतात याचा वैताग मलाही येतो. पण तिथे आपला आवाज, आपलं लिखाण उचलून त्यांच्या सर्व्हरवर जातं. इथे उलट आहे. काही बाहेर जात नाही; नको असेल तर बंद; सोर्स कोड उघडा. शंका असेल तर नेटची वायर उपटून चालवून बघावं. आणि आपल्या संगणकावर असण्याला काय किंमत आहे ते भारतीयांना तरी समजावून सांगायला लागू नये. फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ भारतात अडवलेलं होतं, आधी नोटीस नाही, जाहीर कारण नाही. ऑक्टोबरात संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात ते खुलं झालं. त्या महिन्यांत कोणाच्या घरचा व्हीएलसी बंद पडला? पडणं शक्यच नव्हतं. तो घरात होता. हीच सबटायटलची सोय एखाद्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर असती, तर एका फर्मानाने किंवा एका वाढीव बिलाने आप्पांची नाटकं पुन्हा मुकी झाली असती. जुन्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल रखडतं, पंखा घरघरतो, हे खरं. रात्री लावून झोपावं, सकाळी फाइल तयार असते.

माणसांची कामं जातील, हा पुढचा. मी स्वतः भाषांतरावर थोडंफार पोट भरलेली बाई आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मला कोणी हळवं व्हायला शिकवू नये. मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटायटल महोत्सवांसाठी, ओटीटीसाठी माणसं करतात. ती कला आहे आणि तिथे यंत्राचं कच्चं लिखाण खपवून पैसे वाचवणारा निर्माता दिसला, तर त्याच्याशी मी भांडीन. पण ते भांडण त्या निर्मात्याशी. मराठी चित्रपटाची मराठी सबटायटल लिहून कात्रजमध्ये ज्याची चूल पेटते असा एक माणूस मला दाखवा. जे काम कोणी कोणाला दिलंच नाही, ते यंत्राने हिरावलं कसं? आणि प्लेअरचं यंत्र कुठे चालतं? जिथे सबटायटलची फाइलच नाही तिथे. आजोबांच्या एकसष्टीच्या चित्रफितीवर, गावच्या तमाशाच्या रेकॉर्डिंगवर, कोणीतरी मोबाइलवर धरलेल्या व्याख्यानावर. यासाठी कोणता व्यावसायिक वाट बघत बसला होता?

राहिलं सरकार. नीट काम व्हावं तर सरकारने करावं, ही आपली जुनी श्रद्धा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. टीव्हीवरच्या कार्यक्रमांना कॅप्शन हवीत याचे निकष २०१९ मध्ये निघाले, चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये. कागद उत्तम आहेत. आज संध्याकाळी कुठलीही मराठी मालिका लावा आणि खाली ओळ शोधा. बरं, उद्या हे सगळं अमलात आलं असं समजू. तरी ते नव्या कार्यक्रमांना, नव्या चित्रपटांना लागू होणार. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ध्वनिचित्रफितींवर उतरलेली नाटकं, कीर्तनं, मुलाखती, व्याख्यानं यांना कुठलं खातं हात लावणार आहे? ‘नीट होईपर्यंत थांबा’ हे सांगणं सोपं आहे, जर थांबणारे आपण नसू. आप्पा ऐंशीच्या पुढे आहेत.

अर्धवटापेक्षा न केलेलं बरं, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले, पुढच्या दशकात त्यांत भर पडली आणि ते अठरा झाले. त्याआधी काय आपण लिहायचं थांबलो होतो? ज्या बखरी, ज्या पत्रांवर आपण इतका जीव टाकतो, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला घेतले तर एकही पान उत्तीर्ण होणार नाही. तिथे तुम्हाला भाषेचा जिवंतपणा दिसतो, इथे अपमान दिसतो. फरक एवढाच, की तिथल्या ओळींनी तुमच्या पडद्यावरची जागा अडवलेली नाही.

आणि ही चुकीची ओळ दगडावर कोरलेली नसते. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर: क्रमांक, वेळ, ओळ, पुन्हा क्रमांक, वेळ, ओळ. नोटपॅडमध्ये उघडते. ज्याला ‘ळ’ची चाड आहे त्याने तो टाकावा, सेव्ह करावी आणि शेजाऱ्याला द्यावी. शुद्धलेखनाची एवढी मोठी फौज या शहरात रिकामी बसलेली असताना, एकेका नाटकाची फाइल एकेकाने दुरुस्त करायला घेतली तर यंत्रालाही पुढे शिकायला ती पुस्तकं मिळतील. पण दुरुस्तीला बैठक लागते, आणि अपमान वाटून घ्यायला फक्त खुर्ची.

निर्मात्यांकडे तर तेवढंही काम नाही. प्रत्येक चित्रपटाची, प्रत्येक मालिकेच्या भागाची संवादसंहिता त्यांच्या कपाटात टाइप केलेली पडलेली असते. तीच वेळेच्या खुणा लावून दिली की मराठी सबटायटल तयार; यंत्राची गरजच नाही, चूक होण्याचा प्रश्न नाही. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. मराठी सबटायटलची फाइल जोडल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही, एवढी एक अट घाला म्हणून आमच्या भाषाप्रेमींनी मुंबईला एक पत्र पाठवावं. सह्यांना माणसं मी गोळा करते. आमच्या इमारतीतच पुष्कळ आहेत, फक्त बेल जरा जोरात वाजवावी लागेल. आणि ते पत्र जाईपर्यंत, त्याचं उत्तर येईपर्यंत, पहिला निर्माता आपलं कपाट उघडेपर्यंत, यंत्राच्या त्या वेड्यावाकड्या, ‘ळ’ गमावलेल्या ओळी आमच्या घरात चालूच राहतील. ज्यांना त्यांच्याविना सगळं ऐकू येतं, त्यांना त्या बंद करा म्हणण्याचा काडीचाही अधिकार नाही.